सावकाश वाचा, मी बसलोय

१

ब्लॉगवर सगळे तिला ताई म्हणत. तिच्याहून वयाने चांगले थोर असलेले लेखकसुद्धा ताईच म्हणत, कारण काम काढून घ्यायचं असलं की माणसाचं वय सोयीनुसार खाली-वर होतं. तेव्हा आपणही तिला ताईच म्हणू.

ताई दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या एका छोट्या प्रयोगशाळेत नोकरीला होती. दिवसभर प्लास्टरचे जबडे, मेणाच्या हिरड्या आणि घासायच्या यंत्राची किर्रकिर्र. पुस्तकं वाचायची आणि त्यांच्याबद्दल लिहायचं, हा तिचा निव्वळ हौसेचा मामला. पण हौस म्हणून मांडलेल्या या संसारात हळूहळू अशी काही पाहुणेमंडळी शिरली, की रोज सकाळी चहा घेताना मेल उघडायचा म्हटलं तरी तिच्या कपाळाला आठ्या पडायच्या.

सगळे मेल लेखकांचे. 'माझं पुस्तक वाचा, त्यावर लिहा.' कुणी तिला 'आदरणीय सर' म्हणून सुरुवात करी. कुणी मजकूर तसाच ठेवून फक्त वरचं नाव बदलायला जाई आणि तेही विसरे, म्हणजे ताईला दुसऱ्याच कुठल्यातरी ब्लॉगवालीच्या नावाने स्तुती वाचायला मिळे. एका गृहस्थांनी तर पुस्तकासोबत परीक्षणही लिहूनच पाठवलं होतं. 'तुमचा वेळ वाचावा म्हणून. खाली फक्त तुमचं नाव घाला.'

ताईने ब्लॉगवर ठळक अक्षरांत नियम लिहून ठेवले होते. आधी विचारा, मग पाठवा. वाचीनच असं नाही. वाचलं तर लिहीनच असं नाही. लिहिलं तर खरं तेच लिहीन, मग रागवायचं नाही. हे नियम कुणीही वाचत नसे. ज्यांना आपलं अख्खं पुस्तक दुसऱ्याने वाचावं असं वाटतं, त्यांना चार ओळी वाचवत नाहीत, याचं तिला भारी नवल वाटे.

त्या दिवशीही ती एकेकाला नकार देत होती. ठरलेला मजकूर होता, तो चिकटवायचा आणि पाठवायचा. त्यात एक मेल आला, अगदी लहानसा. ना ओळख, ना पुरस्कारांची यादी.

'सोबत माझी कादंबरी आहे. सावकाश वाचा, मी बसलोय.'

'काय पण भाषा,' ताई पुटपुटली आणि नकार पाठवून दिला.

कप विसळून होईतो उत्तर आलं.

'काही हरकत नाही. मी बसलोय.'

२

घरात माणसं तीन. ताई, तिचा नवरा आणि सासरे. सासऱ्यांना सगळे नाना म्हणत. नानांनी उभा जन्म बसमध्ये कंडक्टरकी केली होती. दिवसाला शेकड्याने माणसं भेटायची, प्रत्येकाशी दोन शब्द व्हायचे. आता निवृत्ती, त्यात सासूबाई गेलेल्या, आणि सून-मुलगा दोघंही कामावर. बाहेरच्या खोलीत सोफ्याशेजारच्या खुर्चीत नाना दिवसभर बसून असत आणि घरात कुणी पाऊल टाकलं रे टाकलं, की सकाळपासून साठलेलं सगळं भडाभडा बोलत सुटत.

दोन-तीन दिवसांनी ताई संध्याकाळी कामावरून आली, तर नाना दारातच उभे. आवाज मात्र कधी नव्हे तो खाली.

"अगं, उशीर केलास. ते गृहस्थ केव्हाचे बसलेत."

"कोण गृहस्थ?"

"तुझ्याकडे काम आहे म्हणाले. मी म्हटलं, सूनबाई येईलच आता. तर म्हणाले, घाई नाही."

ताईने पदर-पिशवी सावरली, केस नीट केले आणि बाहेरच्या खोलीत डोकावली. सोफा रिकामा. टीपॉयवर पाण्याचा पेला, निम्मा प्यालेला.

"गेले वाटतं," ती म्हणाली.

"गेले कुठे? हे काय," नानांनी सोफ्याकडे पाहिलं आणि मग तिच्याकडे. त्यांच्या चेहऱ्यावर ओशाळल्यासारखं काहीतरी आलं. पाहुण्यासमोर घरच्यांनी उद्धटपणा केला की येतं तसं. "बरं बरं. दमून आली असशील. आधी हातपाय धू."

नानांचं वय झालं, हे तिला माहीत होतं. इतकं झालंय हे माहीत नव्हतं. दिवसभर एकटं बसून माणूस असाच कुणाशीतरी बोलायला लागतो, डॉक्टरांना दाखवायला हवं, नवऱ्याला आज नको, सुट्टीच्या दिवशी निवांत सांगू, असं सगळं तिने भाजी चिरता चिरता मनाशी ठरवून टाकलं.

बाहेरून नानांचं बोलणं ऐकू येत होतं. जुन्या कुठल्यातरी मार्गावरच्या बसची गोष्ट. मध्येच ते थांबत. समोरच्याला बोलायला जेवढा वेळ लागेल तेवढाच थांबत, आणि मग मनमोकळं हसत.

सासूबाई गेल्यापासून नाना असे हसले नव्हते. ताईने मुद्दाम नळ मोठा सोडला.

३

मेल रोज येऊ लागला. ताईने पत्ता ब्लॉक केला, तर ब्लॉगवरच्या प्रतिक्रियांमध्ये तीच ओळ उगवली. कुणाच्या कवितासंग्रहावर तिने लिहिलं होतं, त्याच्याखाली. प्रवासवर्णनावर लिहिलं होतं, त्याच्याखाली. 'सावकाश. मी बसलोय.' ती पुसायची आणि दुसरीकडे पुन्हा दिसायची.

"असा खनपटीला बसलेला माणूस मी जन्मात पाहिला नाही," तिने प्रयोगशाळेत मैत्रिणीला सांगितलं. मैत्रीण समोरच्या टेबलावर मेणात दात बसवत होती. दोघींच्या मधल्या फळीवर प्लास्टरचे जबडे ओळीने वाळत ठेवलेले.

"शिव्या देतो का?"

"तसं असतं तर बरं झालं असतं. तक्रार तरी करता आली असती. नुसता बसलाय."

"मग चार बऱ्या ओळी लिही आणि मोकळी हो ना बाई. 'वाचनीय', 'ओघवती', 'संग्राह्य'. कोण बघायला येतंय?"

"न वाचता?"

"वाच हवं तर. पण लिही गोड."

ताईने हातातला साचा खाली ठेवला. "हे बघ, लोक माझं वाचतात ते एवढ्यासाठीच, की मी गोड लिहीत नाही. मापात न बसणारी कवळी तू 'छान बसली' म्हणून देशील का कुणाला?"

"मी नाही देणार," मैत्रीण शांतपणे म्हणाली. "पण गिऱ्हाईक माझ्या घरी येऊन बसलं, तर विचार करीन."

ती सहज बोलली होती. ताईने घरचं तिला काहीच सांगितलं नव्हतं. तरी ताई चपापली, आणि मग तिला स्वतःचाच राग आला. नानांचं म्हातारपण वेगळं, हा चिवट लेखक वेगळा. दोन गोष्टींची गाठ आपणच मारत बसायचं आणि आपणच घाबरायचं, हा काय शहाणपणा?

त्या संध्याकाळी नवरा कामावरून आला तो सरळ स्वयंपाकघरात, आणि तिथल्याच स्टुलावर टेकला. आल्या आल्या सोफ्यावर अंग टाकून बातम्या लावायच्या, ही त्याची लग्नाआधीपासूनची सवय.

"बाहेर का नाही बसलास?" ताईने विचारलं.

"असू दे. इथं बरंय."

"आज बातम्या नाहीत?"

"बाहेर जरा..." तो शब्द शोधू लागला. "अवघडल्यासारखं होतं गं."

ताईने गॅस बारीक केला. "बाहेर कुणी आहे का?"

"कुणी नाही. नाना आहेत."

"मग अवघडायला काय झालं?"

नवऱ्याने हातातला कप फिरवला. मग जरासा वैतागून, पण बाहेर ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाला, "तू ते एकदाचं वाचून का टाकत नाहीस? किती ताटकळत ठेवायचं माणसाला?"

"कोणत्या माणसाला?"

तो तिच्याकडे बघत राहिला. आपण काय बोललो ते त्यालाही आत्ताच ऐकू आल्यासारखं.

"कुणास ठाऊक," तो म्हणाला.

४

सुट्टीच्या दिवशी दुपारी नवरा नानांना घेऊन डॉक्टरकडे गेला. दार लागलं आणि घर एकदम गप्प झालं. ताईने पदर खोचला. आता एकदाचा सोक्षमोक्ष लावायचाच. ती बाहेरच्या खोलीत गेली आणि मोठ्याने म्हणाली, "माझ्याच घरात मी चोरासारखी वावरणार नाही."

म्हटल्यावर तिचं तिलाच हसू आलं.

लख्ख दुपार होती. खिडकीतून ऊन थेट टीपॉयपर्यंत आलेलं. सोफा, नानांची खुर्ची, पुस्तकांचं कपाट, बंद टीव्ही. सोफ्याच्या खिडकीकडच्या उशीला मधोमध खळगा पडला होता. तिने उशी उचलून चांगली झोडपली, फुगवली, जागेवर ठेवली आणि नानांच्या खुर्चीत जाऊन बसली. हातात मासिक घेतलं. रस्त्यावरून एक गाडी गेली. वरच्या मजल्यावर कुणीतरी भांडं आपटलं.

मग सोफ्याची स्प्रिंग वाजली. एकदाच, कुईं. माणूस बसल्या बसल्या जागा बदलतो तशी.

लाकूड उन्हाने तापतं, ताईने मनाशी म्हटलं. लोखंडही तापतं. आपण उशी झोडपली, तिची हवा आता बसतेय. तिने मान मुद्दाम वळवली नाही. समोर बघत राहिली, आणि समोर बंद टीव्ही होता.

त्या काळ्या काचेत खोली दिसत होती. ती स्वतः, खुर्चीत, मासिक छातीशी धरलेली. आणि सोफ्यावर दोन गुडघे. करड्या पँटचे, एकमेकांना नीट जुळवलेले. गुडघ्यांवर दोन हात, बोटांत बोटं गुंफलेले. छातीपासून वरचं काचेच्या कडेबाहेर गेलेलं. हाताचे अंगठे एकमेकांभोवती गोल गोल फिरत होते. रांगेत, दवाखान्यात, स्टेशनवर, ज्याला दुसरं काही करण्यासारखं नसतं त्याचे फिरतात तसे. सावकाश.

ताईने झटक्यात सोफ्याकडे पाहिलं. सोफ्यावर ऊन होतं. बाकी काही नाही.

खूप वेळाने तिने पुन्हा काचेकडे नजर वळवली. गुडघे होते. हात होते. अंगठे मात्र थांबले होते. कुणीतरी आपल्याकडे बघतंय हे लक्षात आल्यावर माणूस सावरून बसतो, तसे.

५

डॉक्टर म्हणाले, नाना ठणठणीत आहेत. उलट या वयात एवढी तरतरी कुठे बघायला मिळते!

ताईने दुसऱ्या दिवशी रजा टाकली आणि स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसून मोबाइलवर ती कादंबरी उघडली.

खरं सांगायचं तर तिला वाटलं होतं, काहीतरी भयंकर असेल. वाचलं की अंगावर काटा येईल, असं काही. तसलं काही नव्हतं. कादंबरी नुसती वाईट होती. नायकाची बदली झालेली. पहिल्या प्रकरणात तो बॅग भरायला घेतो, आणि कितीतरी प्रकरणं उलटली तरी ती बॅग भरून होत नाही. मध्येच पानभर सूर्यास्त. नायिका बोलायला तोंड उघडते आणि भाषण करते. प्रत्येक उपमेच्या पाठीवर आणखी एक उपमा बसलेली. ताईने आयुष्यात पुष्कळ रटाळ वाचलं होतं, पण इतक्या मनापासून रटाळ लिहिलेलं पहिल्यांदाच पाहिलं.

मध्ये ती उठली, वरण ढवळायला. मोबाइल टेबलावर ठेवला मात्र, बाहेरून खाकरल्याचा आवाज आला. हलकासा, अदबशीर.

ती परत बसली. आवाज थांबला. थोड्या वेळाने ती पाणी प्यायला उठली. पुन्हा खाकरणं.

"वाचतेय!" ताई ओरडली. "दिसत नाही का? वाचतेय ना!"

घर गप्प झालं. आणि मग तिच्या लक्षात आलं की आपण उत्तर दिलं. नाना तेव्हा खाली फेरी मारायला गेले होते. तिने ओटा फडक्याने पुसला, उगाच पुन्हा पुन्हा पुसला, आणि निमूटपणे वाचायला बसली.

संपेपर्यंत उन्हं कलली होती. नाना परतले होते आणि बाहेर त्यांच्या गप्पा रंगल्या होत्या. ताईने ब्लॉग उघडला. खरं तेच लिहायचं म्हणून एक ओळ लिहिली : 'ही कादंबरी छापण्याआधी निम्मी कापायला हवी होती, आणि उरलेली पुन्हा लिहायला.' ओळ बरी होती. नेहमीची ताई असती तर तिथून पुढे सुटली असती.

बाहेर नाना म्हणत होते, "तुम्ही काही काळजी करू नका हो. आमची सूनबाई स्वभावाने फार चांगली आहे. आणि नाहीच आवडलं, तर तुम्ही दुरुस्त करून पुन्हा आणा. आम्ही कुठे जातोय? बसू की."

ताईने ती ओळ पुसली. मग डोळ्यांपुढे मैत्रिणीचे ते शब्द आणले आणि एकामागून एक बसवत गेली. वाचनीय. ओघवती. संग्राह्य. मानवी नात्यांचा तरल वेध. लिहिताना तिचे कान तापले होते. मेणाचे दात असे पटापट बसतात, हे तिला ठाऊक होतं. चावायला गेलं की कळतं. तिने डोळे मिटून बटण दाबलं.

बाहेर सोफ्याची स्प्रिंग बराच वेळ करकरली. ओझं उतरलं की करकरते तशी. पावलं वाजली नाहीत. दाराची कडी मात्र निघाली आणि दार हळूच, शिष्टाचाराने, ओढून घेतलं गेलं.

ताई धावत बाहेर आली. नाना आपल्या खुर्चीत बसून दाराकडे बघत होते.

"गेले," ते म्हणाले. "फार समाधानाने गेले बघ." मग जरा वेळाने, "पुन्हा या म्हटलं मी. येतील का गं?"

त्यांचा चेहरा पार उतरला होता.

६

नवरा पुन्हा सोफ्यावर लोळून बातम्या बघू लागला. त्याला काही विचारलं तर म्हणे, "मी कधी स्टुलावर बसत होतो?" नाना गप्प गप्प झाले, जेवण कमी झालं. आणि ताई? तिला हायसं वाटायला हवं होतं. वाटलंही, दोन-चार दिवस.

मग एका वाचकाची प्रतिक्रिया आली. जुना वाचक, दूर कुठेतरी एकटा राहणारा, तिच्या शब्दावर पुस्तकं मागवणारा. त्याने लिहिलं होतं, 'ताई, तुम्ही म्हणालात म्हणून घेतली. वाचली. काहीच पोचलं नाही. बहुधा आता माझंच वाचन मंदावलं असेल. वयाचा परिणाम.'

त्याने तिला दोष दिला असता तर तिने भांडण केलं असतं. पण त्याने तो स्वतःच्या डोक्यावर घेतला होता. ताईला दिवसभर काम सुधरेना. एक जबडा हातातून पडून फुटला.

"आज घरी जाऊन ते परीक्षण काढून टाकते," तिने मैत्रिणीला सांगितलं. "आणि खरं काय ते लिहिते. यायचं त्याला तर येऊ दे पुन्हा. बसून बसून किती बसेल?"

"कोण?" मैत्रिणीने विचारलं. ताई फुटलेल्या जबड्याचे तुकडे गोळा करत राहिली. बऱ्याच दिवसांनी तिची पाठ ताठ झाली होती. जिना चढतानाही ती मनातल्या मनात पहिली ओळ जुळवत होती : 'वाचकहो, मी तुमच्याशी खोटं बोलले.'

दार उघडंच होतं. आत शिरल्यावर एक अरुंद बोळ, आणि बोळाच्या टोकाला बाहेरच्या खोलीचं दार, तेवढं नुसतं लोटलेलं. नाना स्वयंपाकघरातून आले, दोन्ही हातांनी तिचं लिहायचं स्टूल उचलून. घामाघूम झालेले, पण चेहरा नुसता फुललेला.

"आलीस? बरं झालं. अगं, घरातल्या खुर्च्या पुरेनात. तुमच्या खोलीतली घेतली, पलंगाशेजारची घेतली. आता हे शेवटचं."

"नाना," ताई म्हणाली. "कशाला?"

"आज बरीच मंडळी आलीत. सकाळपासून एकेक करून येतायत. सगळे तुझ्याकडेच." नानांनी आनंदाने आवाज खाली आणला. "ते आपले गृहस्थ ना, त्यांनीच सांगितलं म्हणे सगळ्यांना. इथे बसलं की काम होतं."

दाराच्या फटीतून तिला टीपॉयचा कोपरा दिसला. त्यावर पेले, दाटीवाटीने. त्यापलीकडे नवरा उभा होता, भिंतीला पाठ लावून, अंग चोरून. भरल्या खोलीत कुणाच्या पायावर पाय पडू नये म्हणून माणूस उभा राहतो, तसा. त्याने तिच्याकडे पाहिलं आणि मान किंचित हलवली. ये म्हणून की नको म्हणून, ते तिला कळलं नाही.

"चल," नाना म्हणाले आणि कोपराने दार ढकललं. "आली हो आमची सूनबाई!"

आणि आत सोफ्याच्या स्प्रिंगा, पलंगाशेजारची खुर्ची, लोखंडी घडीची खुर्ची, सगळं एकदम करकरलं. वाट बघायला लावणारं माणूस शेवटी आलं, की सगळे मिळून उठून उभे राहतात, तसं.